पिंडापुढे दिलेला शब्द

माझ्या माहेरी पाण्यावरून कधी भांडणं झाली नाहीत, कारण भांडायला पाणीच नव्हतं. शिरूर तालुक्याच्या त्या कोरड्या कोपऱ्यात बाजरी यायची ती पावसाच्या मर्जीनं, आणि नाही आली तर शिव्या खायचं ते आभाळ. आभाळ उलटून कुणाच्या डोक्यात खोरं घालत नाही. माझे वडील शिरूरला शाळेत मास्तर होते. भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात कॅनॉलखालच्या गावात माझं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. "पोरगी बागायतात पडली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्या वेळा सांगत की मला वाटायचं, नवऱ्यामुलापेक्षा त्यांना कॅनॉलच जास्त पसंत पडलाय.

आमचं गाव खुटबाव आणि राहूच्या मधे कुठंतरी. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडं जे झालं ते त्या पट्ट्यात आणखीही गावांत झालंय, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी "आमच्यात असं कधी झालं नव्हतं" असंच सांगितलंय.

घरात तेव्हा आम्ही चारच माणसं. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्यांचे दोन मुलगे आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. धाकटा मुलगा तो माझा नवरा. थोरल्या दिरांना मी दादा म्हणत असे. दादांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांचं बोलणं जड होतं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा. "आज... वरच्या रानात..." एवढं होईतो समोरचा "कांदा लावायचाय ना, कळलं, कळलं," म्हणून मोकळा व्हायचा. मुलगी बघायला गेले की मुलीचा मामा काहीतरी विचारायचा, दादा उत्तर जुळवत बसायचे, आणि तोवर चहाचे कप आत गेलेले असायचे. पुढं पुढं त्यांनी मुली बघायला जाणंच सोडलं. कामाला मात्र ते दोघांना भारी होते, आणि मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. खरं सांगायचं तर कुणालाच फारसा कुठलाच शब्द बोलले नाहीत.

आमच्या वरच्या अंगाला चुलत घर होतं. एकाच आजोबांचे नातू, एकच भावकी, बांधाला बांध. त्या घरचा थोरला, म्हणजे माझा चुलत दीर, बोलण्यात मोठा तरबेज. नकला करायचा. तलाठ्याची, कीर्तनकाराची, बैलाला हाका मारणाऱ्या म्हाताऱ्याची. माणसं पोट धरून हसायची. त्याची बायको, माझी चुलत जाऊ, हिनंच मला पहिल्या वर्षी इकडची कामं शिकवली. मी माहेरी उसाला कधी हात लावला नव्हता. पाल्यानं हात चिरले की तीच तेल-हळद लावायची आणि "मास्तराची लेक" म्हणून चिडवायची. चुलत दिराचा एक धाकटा भाऊ दौंडला रेल्वेच्या कामावर होता, म्हणून सगळे त्याला दौंडवाले म्हणत. हा दौंडवाला आणि माझा नवरा एकाच वयाचे. कॅनॉलमधे दोघं बरोबरच पोहायला शिकलेले.

दोन्ही घरांना पाणी कॅनॉलच्या एकाच चारीतून मिळायचं. आधी वरचं घर, मग आमचं. पाटकरी पाळी ठरवून द्यायचा, पण आमच्या चारीवर रीत अशी की पाणी माणसानं माणसाच्या हातून घ्यायचं. ज्याची पाळी संपली त्यानं खोरं खाली ठेवून "घे" म्हणायचं, आणि मगच पुढच्यानं त्याचं बारं, म्हणजे चारीतून रानात पाणी जायचं तोंड, बुजवून पाणी आपल्या रानात वळवायचं. "घे" म्हणायच्या आत दुसऱ्याचं बारं बुजवणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं. रीत चांगली होती. कुणाच्या पाठीमागं पाणी फिरवायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. पण चांगल्या रितीतही वाईट खोडी काढायला माणसाला वाट सापडते.

चुलत दिराला ती सापडली होती. पाळी संपली तरी तो "घे" म्हणायचा नाही. दादा खोरं धरून उभे, आणि हा बांधावर बसून तंबाखू मळतोय. "थांब की. कुटं गाडी चुकतीया तुजी?" दादांना उत्तर सुचायचं ते घरी आल्यावर. मग एसटीच्या थांब्यावरच्या हॉटेलात त्या सगळ्याची नक्कल व्हायची. दादा कसे उभे राहतात, तोंड कसं उघडतात, शब्द कसा बाहेर पडत नाही. लोक हसायचे. आणि तो उठून गेला की तीच माणसं दादांना गाठून म्हणायची, "तुमचं पाणी त्यो खातोय, आन् तुमी बगत उभं ऱ्हाता व्हय? आमी आसतो तर..." पुढचं कुणीच बोलायचं नाही. "आमी आसतो तर" एवढं म्हणून चहाचा घोट घ्यायचे. आत्याबाईंनी भावकीतल्या वडीलधाऱ्यांना दोनतीनदा सांगून पाहिलं, की दोघांना समोर बसवा आणि मिटवा. त्यांना वाटलं, पोरांची भांडणं आहेत, मिटतील. शिवाय गंमत चालली होती. मिटलेली कुणाला हवी होती?

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी, गव्हाचं शेवटचं पाणी चालू असताना, एके दिवशी सकाळी दादांनी "घे"ची वाट पाहिली नाही. त्यांनी वाकून चुलतभावाचं बारं बुजवलं. तो उठला, त्यानं ते पायानं उडवून दिलं आणि तिथंच, दादांच्या तोंडावर, दादांची नक्कल केली. दादांनी हातातलं खोरं घातलं. एकदाच. गावानं अर्धं सोडलेलं ते वाक्य दादांनी असं पुरं केलं.

आत्याबाई भाकरी घेऊन रानात निघाल्या होत्या. मी घरी होते. मला आधी कळलं ते कुत्र्यांच्या भुंकण्यावरून, आणि मग चुलत जावेच्या आवाजावरून. तो आवाज मला आजही वर्णन करता येणार नाही आणि करायचाही नाही. दादा पळाले नाहीत. पोलीस येईपर्यंत चारीच्या कडेला तसेच बसून होते. पोलिसांनी विचारलं तेव्हाही शब्द जुळवत राहिले, आणि पोलिसांना तेवढा धीर नव्हता.

त्या दिवसापासून मला जी भीती लागली ती कितीतरी दिवस गेली नाही. कारण साधं होतं. दादा पोलिसांच्या ताब्यात; त्यांना आता कोण काय करणार? बाहेर होता तो माझा नवरा. आणि दौंडवाला मयतापाशी सगळ्यांदेखत म्हणाला होता, "त्या घरातला एक तरी घिऊनच जाईन." माझा नवरा रानात निघाला की मी दाराशी, परत येईतो दाराशी. सायकलची घंटा ऐकू आली की जिवात जीव यायचा. भाकरी करताना तव्यावर करपून जायची. मी त्यांना म्हटलं, चार दिवस शिरूरला जाऊन राहू. ते म्हणाले, "जनावरांना वैरण कोण टाकंल?" मला इतका राग आला की मी ताट आपटलं. माणसाच्या जिवावर बेतलंय आणि याला वैरण सुचते!

वडील मला न्यायला आले. ते दाराच्या आत पाऊलसुद्धा टाकेनात. बाहेरच उभं राहून म्हणाले, "चल. खुन्याच्या घरात मुलगी ठेवायची नाही मला. असल्या लोकांना भर चौकात फाशी दिली पाहिजे. रक्तातच असतं हे." मास्तर माणूस, आयुष्यभर पोरांना शिकवलेलं. मी म्हटलं, "अण्णा, मारणारा आणि मेलेला एकाच आजोबांचे नातू आहेत. रक्त तेच आहे. मग मेलेल्यालाही फाशी द्यायची का?" ते आल्या पावली परतले. मी गेले नाही. धीट होते म्हणून नव्हे. मी गेले तर इकडं नवऱ्याच्या वाटेकडं डोळे लावून बसायलाही कुणी राहणार नाही, एवढंच मनात होतं.

आणि मग सुतकाचा प्रश्न आला. भावकी एक, म्हणजे मयत आमचंही. दहा दिवस आम्हीही सुतक धरायचं, दहाव्याला आमच्या पुरुषांनीही डोकं भादरायचं, अशी रीत. पण मारलेलं आम्हीच! आमच्या बाजूची माणसं म्हणाली, धरू नका, धरलं तर खून कबूल केल्यासारखं होईल. वरच्या घरून निरोप आला, "तुमी सुतक धरायचं न्हाई. आमचं तुमचं तुटलं." आत्याबाईंनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं. मग देव फडक्यानं झाकले, फोडणी बंद केली आणि भिंतीला टेकून बसल्या. "पोर माज्या म्होरं वाढलंय," म्हणाल्या. "त्येच्या तोंडात पयला घास मी घातलाय. सुतक न धराया त्यो काय परका हाय?" पोटचा मुलगा कोठडीत, आणि ही बाई त्यानं मारलेल्याच्या सुतकात. मला त्यांचं काहीच कळत नव्हतं, आणि खरं सांगते, भीतीपुढं कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

याच दिवसांत आणखी एक माणूस आमच्यासारखाच जीव मुठीत धरून होता. शेजारच्या उसात त्या सकाळी बौद्धवस्तीतला एक जण खुरपायला होता. त्यानं पाहिलं होतं. आमची माणसं त्याला सांगत होती, तू काही पाहिलं नाहीस. वरच्या घरची सांगत होती, तू सगळं पाहिलंस. तो एकदा आत्याबाईंना भेटायला आला आणि अंगणात उभं राहूनच बोलला. "आक्का, दोनी घरं तुमचीच. उद्या तुमी यक व्हाल. आमी मातूर मधल्यामधी मरू. आमाला कामाला कोण बोलवायचं मग?" तो चिडलेला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. बाकी सगळ्या गावाला, जे रोज हॉटेलात बसून हसलं होतं, त्या गावाला पोलिसांसमोर काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आत्याबाईंनीही पोलिसांना सांगितलं होतं, "मी पोचले तवा झालं व्हतं." साक्षीचं सगळं ओझं त्या एका माणसाच्या मानेवर. दौंडवाला सगळीकडं म्हणत फिरत होता, "कोर्टात काय व्हनार न्हाई. साक्षीदार कोण हाय? म्हून मलाच करावं लागंल."

दहावा राहूच्या बाजूला नदीवर होता. आत्याबाई जायला निघाल्या. मी पाया पडले, नका जाऊ म्हणून. माझा नवराही त्यांच्याबरोबर निघाला. शेवटी मीही गेले. आम्ही तिघं घाटापासून लांब, बाभळीखाली उभे राहिलो. गर्दी केवढी! एवढी माणसं त्याच्या लग्नालाही नसतील. दुःख थोड्यांना होतं. बाकीचे पुढं काय होतंय ते बघायला आलेले.

पिंड मांडले. सगळे मागं सरले. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. आमच्याकडं समजूत अशी, की मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्या माणसानं पिंडासमोर उभं राहून शब्द द्यायचा. मुलीचं लग्न करीन, बहिणीला नांदवीन, असा. आणि तो शब्द मोडायचा नाही. जिवंत माणसाला दिलेला मोडेल, तो मोडायचा नाही. चुलत जाऊ पुढं झाली. पोरांना वाढवीन म्हणाली. कावळा आला नाही. दौंडवाला, नुकतंच डोकं भादरलेलं, पुढं आला. जमीन विकणार नाही म्हणाला. कावळा आला नाही. ऊन चढत चाललं.

मग गर्दीतून कुणीतरी, कोण ते मला दिसलं नाही, म्हणालं, "त्येची विच्छा काय हाय ती ठावं हाय सगळ्यांस्नी." दुसरा म्हणाला, "बोल की. बोलला की यील कावळा." मग चारी बाजूंनी सुरू झालं. बोल. भाऊ ना तू? बोल. काही आवाज मला ओळखीचे होते. हॉटेलातले होते. "आमी आसतो तर" म्हणणारे. माझ्या शेजारी माझा नवरा उभा होता. दौंडवाल्यानं मागं वळून आमच्याकडं पाहिलं. मला त्याच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नाही. घाबरलेला होता तो. आमच्याइतकाच घाबरलेला. पुढं जायचं नव्हतं त्याला, आणि मागं सरायला लोकांनी जागा ठेवली नव्हती. त्यानं पिंडाकडं तोंड केलं, हात जोडले आणि तोंड उघडलं.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या.

त्या माझ्या हातातून कधी निसटल्या मला कळलं नाही. गर्दीनं वाट दिली. गर्दीला काय, आणखी काहीतरी बघायला मिळत होतं. त्या दौंडवाल्याच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या, आणि पिंडाशी बोलावं तशा नव्हे, घरातल्या पोराशी बोलावं तशा बोलल्या.

"लेकरा, मी बगितलंय. मी चारीवर व्हते. माज्या पोरानं तुला मारला, ह्या डोळ्यांनी बगितला. पोलिसांस्नी मी खोटं सांगितलं. कोर्टात खरं सांगीन. माजाच लेक हाय म्हून लपवायची न्हाई. त्याची शिक्षा त्याला सरकार दील. ह्या पोराच्या मागं लागू नगंस. ह्येला त्येची नोकरी करू दे. आता जा."

मी कावळ्यांकडं पाहिलं. तेव्हा माझी खात्री होती की आता येणारच. एकही आला नाही. आपल्याला गोष्टी जशा हव्या असतात तसं कावळ्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. गर्दी पांगली, जरा हिरमुसून. दौंडवाला मात्र तिथंच खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. तोपर्यंत तो एकदाही रडला नव्हता, असं चुलत जाऊ पुढं मला म्हणाली.

शब्द देणं एक आणि तो पाळेपर्यंत जगणं वेगळं. खटला पुण्याला चालायचा होता आणि तारखा पडत होत्या. घरात मायलेकांचं बोलणं जवळजवळ बंद. एकदा माझा नवरा त्यांच्यासमोर बसून म्हणाला, "आई, दादाला तू जन्माचा आत टाकतीयास." त्या म्हणाल्या, "आन् न्हाई बोलले तर तुला कुटं टाकू?" मी तिथंच होते. मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत होतं, आणि काय वाटत होतं तेही. माझा नवरा वाचावा, एवढंच. त्यासाठी दादा आत जाणार असतील तर जावोत. भीती माणसाला इतकं लहान करते. दादांसाठी जीव तुटायचा तो त्यानंतर. आधी सायकलची घंटा.

पण गंमत बघा, त्या महिन्यांत आमच्या अंगावर कुणी आलं नाही. दौंडवाला सुट्टीला यायचा, जायचा. लोकांनी त्याला डिवचून पाहिलंच. तो म्हणायचा, "काकीनं शब्द दिलाय. कोर्टाचं हुंदे आधी." त्याला ते एक उत्तर मिळालं होतं. तोवर कुणी त्याला उत्तरच दिलेलं नव्हतं. नुसते प्रश्न टोचत होते. उसात खुरपणारा तो माणूसही म्हणाला, "आक्का बोलनार आसतील तर मला काय भ्या? मीबी बोलतो." आणि बोललाही. त्यानंतर त्याला काही घरांनी कामाला बोलवणं बंद केलं, हेही सांगायला हवं. खरं बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

पुण्याच्या कोर्टात मी आत्याबाईंना धरून नेलं. वकिलांनी त्यांना खूप उलटसुलट विचारलं. आधी पोलिसांना वेगळं का सांगितलं? "आई हाय म्हून," त्या म्हणाल्या. मग आता का बदललं? "आईच हाय म्हून." पिंजऱ्यात दादा खाली बघून उभे होते. वाळले होते. आत्याबाईंनी एकदाही त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलणं झालं नसतं. पण त्यांनी सगळं सांगितलं. बारं बुजवणं सांगितलं, खोरं सांगितलं, आणि कुणी विचारलं नसताना नकलाही सांगितल्या. हॉटेल सांगितलं. भावकीनं कसं हसण्यावारी नेलं ते सांगितलं. वकील म्हणाले, हे खटल्यात येत नाही. न्यायाधीश म्हणाले, बोलू द्या.

शेवटी एका तारखेला न्यायाधीशांनी दादांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. दादांनी मान वर केली. तोंड उघडलं. शब्द येईना. मला सवयीनं वाटलं, आता कुणीतरी मधे बोलणार. वकील बोलेल, शिपाई बोलेल, "कळलं, कळलं" म्हणेल. कुणी बोललं नाही. न्यायाधीश लेखणी ठेवून बसून राहिले. पंख्याचा आवाज येत होता. दादा उभे राहिले, राहिले, आणि म्हणाले, "आई... खरं... बोलली. मी... मारला. मला... त्याला... मारायचा नव्हता. गप... करायचा व्हता."

दादांनी एवढं पुरं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ऐकायला कोर्ट लागलं, याची मला आजही चीड येते. चारीच्या कडेला, हॉटेलात, पारावर, कुठंही एखाद्यानं तेवढा वेळ थांबून ऐकलं असतं तर दोन्ही घरांतली माणसं जाग्यावर असती. वर्तमानपत्रात खुनाची बातमी आली की लोक शिक्षा वाढवा म्हणतात. वाढवा की. मी नाही म्हणत नाही. दादांना सक्तमजुरी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. माझ्या चुलत जावेचा नवरा गेला होता, आणि नकला करतो म्हणून माणूस मारायचा नसतो. पण शिक्षा फक्त खोरं चालवणाऱ्यालाच होते. बाकीचे संध्याकाळी पुन्हा हॉटेलात जातात.

पुढची काही वर्षं आत्याबाई येरवड्याला भेटीला जात राहिल्या. जाताना काय बोलत, येताना काय आणत, मी विचारलं नाही. वरच्या घराशी येणंजाणं नव्हतंच. चारीवर पाणी द्यायला-घ्यायला दोन्हीकडून गडी जायचे. चुलत जाऊ वाटेत भेटली तर मी बाजूला व्हायचे, ती पुढं जायची. एकदा फक्त तिनं थांबून माझ्या हाताकडं पाहिलं. पाल्यानं चिरलेला होता. काही न बोलता गेली. आणि माझ्या मनातली भीती संपली नव्हती, तिनं फक्त तारीख बदलली होती. दादा सुटून येतील, मग काय? आत्याबाईंनी शब्द दिला तो कोर्टापर्यंतचा. त्यापुढचा कुणी दिला होता?

दादा सुटायच्या आधीच, सत्तरचं दशक सरता सरता, आत्याबाई गेल्या. ताप आला आणि गेल्या. शेवटी त्यांच्या तोंडात थोरल्याचंच नाव होतं. दादांना मातीला यायची परवानगी वेळेत मिळाली नाही. माझ्या नवऱ्यानं पाणी दिलं. वरच्या घराला निरोप द्यावा की नाही यावर कुजबूज चालली होती. मी म्हटलं, द्या, येवोत न येवोत. मयताला चुलत जाऊ आणि दौंडवाला, दोघंही आले. आले आणि लांब उभे राहिले.

दहावा तिथंच, राहूच्या बाजूला. तीच नदी, तीच बाभळ, आणि तीच माणसं, केस थोडे पिकलेले. पिंड मांडले आणि सगळे मागं सरले. कावळे होते, पण उतरेनात. माझा नवरा पुढं झाला आणि म्हणाला, "आई, दादाला घरी आनतो." कावळा आला नाही. मी गर्दीकडं पाहिलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ही इच्छा आमच्या नव्हे, वरच्या घराच्या हातातली होती. आणून काय उपयोग, आल्यावर कुणी...? गर्दीत खुसफूस सुरू झाली. मला ते जुने आवाज पुन्हा ऐकू यायला लागले, खरे की मनातले ते सांगता येत नाही.

मग चुलत जाऊ गर्दीतून पुढं आली. तिच्या मागून दौंडवाला. त्याच्या डोक्यावर टोपी होती, ती त्यानं काढली. डोकं भादरलेलं होतं. आमचं सुतक त्यानं धरलं होतं, दहा दिवस, आम्हाला न सांगता.

जाऊ पिंडासमोर उभी राहिली. तिला पहिल्यांदा बोलता येईना. कुणी मधे बोललं नाही.

"काकी," ती म्हणाली, "तुमचा ल्योक सुटून यील. त्येला चारीवर येऊ द्या. त्येची पाळी त्येला मिळंल. 'घे' म्हनाया मी सोता जाईन. आमच्या घरातनं त्येच्या अंगाला कुनी हात लावनार न्हाई. ह्यो माजा शब्द."

दौंडवाल्यानं मान खाली घातली आणि पिंडाला हात जोडले. माझ्या नवऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. मी त्या दोघांकडं पाहत राहिले, ज्यांच्यापायी मी इतकी वर्षं दाराशी उभी राहिले होते. त्यातला एक आता दुसऱ्याचा वैरी उरला नव्हता. चुलत जाऊ मागं आली, माझ्या शेजारी उभी राहिली, आणि माझा हात तिनं हातात घेतला.

कावळा शिवला का, ते मी पाहिलं नाही. नंतर कुणाला विचारलंही नाही.